ऐंशीला येणारी थरथर

विकी, तो मोबाइल खाली ठेव आधी. लाइट गेलीय तर गेलीय. थोडा वेळ अंधारात बसलास म्हणून तुझं काही बुडत नाही. तेजस्वी, तू इकडे सरक, मला सारखं मान वळवून बोलायला लावू नकोस. आणि ती चर्चच्या भिंतीला लागून उभी असलेली पांढरी पिकअप... दिसते का तुम्हाला इथून? नसेल दिसत. पण आहे ती तिथं. तिचीच गोष्ट सांगतो. म्हणजे धनेशची. गणपतीत तुमची ढोलपथकं ज्याच्या गाडीतून फुकट मिरवत जातात, तोच धनेश. माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला पोरगा. त्यानं मला जे सांगितलं ते सांगतो, आणि जे मला बघता आलं ते मी स्वतः जाऊन बघून आलोय. पटलं तर पटलं, नाहीतर उठून जेवायला जा.

तर धनेश एका दुपारी गाडी घेऊन जितेंद्रच्या गॅरेजला गेला, तिथून सुरू करू. वसई फाट्यावर, हायवेला लागूनच जितूचं गॅरेज आहे. पिकअपवाल्यांचा त्याच्यावर फार विश्वास.

"काय होतंय?" जितूनं विचारलं.

"ऐंशीला गेली की थरथरते."

"साठला?"

"साठला काही नाही. सत्तरलाही नाही. काटा ऐंशीला टेकला की सुरू."

जितू हसला. असलं दुखणं त्याला रोजचंच. "हातात येते की बुडाखाली?"

हे विचारायचं कारण असतं बरं का. स्टिअरिंग थरथरलं तर दोष पुढच्या चाकांत. सीट थरथरली तर मागची चाकं, नाहीतर खाली फिरणारा लांब शाफ्ट. गाडी आपलं दुखणं आपणच सांगते, फक्त तिला धीरानं विचारावं लागतं.

"हातात," धनेश म्हणाला. म्हणाला खरा, पण त्याची त्यालाच खात्री नव्हती.

जितूनं पुढची चाकं काढली, बॅलन्सिंग केलं, वाकडी झालेली एक रिम ठोकून सरळ केली. दोन-चार रात्री बऱ्या गेल्या, आणि थरथर परत आली. आता हातात नव्हती, सीटमध्ये होती. धनेश पुन्हा गॅरेजला. जितूनं शाफ्ट खाली उतरवला, जॉइंटचा, म्हणजे शाफ्टच्या सांध्याचा, क्रॉस नवा घातला, बेअरिंग बदललं, मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे केले. पुन्हा तेच.

धनेशला ही थरथर परवडणारी नव्हती. तो पाचूबंदरच्या कोळणींची मासळी रोज पहाटे मुंबईच्या बाजारात पोचवायचा, आणि पहाटेच्या बाजाराला उशिरा पोचलेला माल म्हणजे मातेरं. थरथरीला भिऊन तो सत्तरच्या वर जाईना. शेजारी बंदरावरची विनया बसलेली असायची, बाजारात मासळी विकायला जाणारी. ती रोज टोकायची, "दादा, गाडी तर मस्त चाललीय. मग तू हळू का करतोस? बायका बोलायला लागल्यात."

गाडी मस्त चाललीय, असं म्हणायची ती. ऐंशीला गेल्यावरही. तिला कधी काही जाणवलंच नाही, आणि धनेशला नेमकी याचीच भीती वाटायला लागली होती.

तिसऱ्या खेपेला जितू वैतागला. "चल, मीच बसतो शेजारी," म्हणाला. दोघं भरदुपारी हायवेला लागले, मुंबईच्या दिशेनं. काटा ऐंशीवर गेला.

"आली," धनेश म्हणाला.

जितूनं डॅशबोर्डवर हात ठेवला. दारावर ठेवला. वाकून पायाखालच्या पत्र्यावर तळवा टेकला. "मला काही येत नाही रे."

"मला येतेय."

"न्यूट्रल कर."

केली. इंजिनाचा जोर सुटला, गाडी नुसती आपल्या वेगात धावत राहिली. थरथर तशीच.

"म्हणजे इंजिन नाही. आता हात हलके ठेव. हातात आहे?"

"नाही."

"बुडाखाली?"

धनेशनं नीट अंदाज घेतला. "नाही. वर आहे. पाठीत."

"पुढे वाक. टेका सोड."

धनेश वाकला. थरथर गेली. साफ गेली.

"आता टेक."

टेकला... आली.

मग अगदी सहज विचारावं तसं जितूनं विचारलं, "सीटच्या मागे काय आहे?"

"केबिनचा पत्रा."

"आणि पत्र्याच्या मागे?"

पुढे खाडीवरच्या पुलाची पाटी दिसायला लागली होती. त्यानं गाडी डावीकडे घेतली आणि पुलाच्या आधीच वळवली. जितू म्हणाला, अरे पुलापर्यंत तरी जाऊ. धनेश म्हणाला, नको.

गॅरेजला उतरताना जितूनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "गाडीत काही नाही, धनेश. गाडीला दोष देऊ नकोस."

तर पत्र्याच्या मागे काय होतं, ते ऐका.

पत्र्याच्या मागे पुतळाबाई बसायची. विनयाची आई. पाचूबंदरची जुनी कोळीण, बोलायला फटकळ आणि मनानं लोण्यासारखी. बंदरावरच्या बायका आपापल्या मासळीच्या पाट्या तिच्या हवाली करायच्या आणि ती त्या बाजारात नेऊन विकायची. केबिनमध्ये जागा असून ती तिथं कधी बसली नाही. म्हणायची, "माल मागे आनि मी पुढे? पाट्या कोन धरील, तुझा बा?" बर्फाच्या पाट्यांमध्ये एक लाकडी पाट टाकायचा, त्यावर बसायचं, आणि केबिनच्या पत्र्याला पाठ टेकायची. इकडून धनेशची पाठ, तिकडून तिची, मध्ये सीट आणि पत्रा. मागच्या काचेतून त्याला फक्त तिचा अंबाडा दिसायचा. अशी कित्येक वर्षं गेली. धनेश तिला मावशी म्हणायचा, आणि ती त्याला धन्या.

मागे बसणारा आणि पुढे चालवणारा, यांची भाषा थापांची. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे चल. पुतळाबाईची थाप ओळखू यायची, कारण तिच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. लहानपणी शिंगाळा माशाचा काटा घुसला होता, ती बरी झाली पण सरळ काही झाली नाही. बाकीची बोटं एकत्र आणि करंगळी फटकून बाजूला, असा तिचा पंजा.

आणि तिचा एक नेम होता. वसईच्या खाडीवरचा वर्सोव्याचा पूल आला की एक थाप मारायची. धनेशनं गाडी डावीकडे घेऊन अगदी हळू करायची. मग ती केसातलं एक फूल काढून खाडीत टाकायची. गाडी जोरात असली की वारा फूल परत गाडीत आणून टाकतो, ते खाडीला पोचत नाही. खाडी आपल्याला जगवते, तिला विचारल्याशिवाय ओलांडायची नाही, असं तिचं म्हणणं. फूल पाण्यात पडलं की दोन थापा. चल.

धनेशला कधीकधी याचा कंटाळा यायचा. पुलावर मागून ट्रेलर अंगावर येतात, हॉर्न वाजवतात, शिव्या देतात. पण मावशीचं मन कोण मोडणार?

पौष वद्य चतुर्दशीची रात्र होती. अमावस्येच्या आदली. होड्या उशिरा लागल्या म्हणून माल उशिरा चढला, आणि धनेशची चिडचिड सुरू झाली. हायवेला लागल्यावर त्यानं काटा ऐंशीवर ठेवला. पूल आला.

थाप.

त्यानं मनात म्हटलं, आज राहू दे ते फूल. उद्या दोन टाक.

थाप.

त्यानं वेग कमी केला नाही.

थाप... थाप... मग थापा लागोपाठ यायला लागल्या. म्हातारी चिडलीय, असं त्याला वाटलं. बाजारात गेल्यावर ओरडेल, चहा पाजू, संपलं. त्यानं गाण्याचा आवाज वाढवला. थापा पाठीत येतच होत्या. पूल संपला तरी येत होत्या. काशीमिऱ्याच्या आसपास केव्हातरी थांबल्या. रुसली, असं समजून धनेश गालात हसला. हे हसणंही त्यानं मला सांगितलं, पोरांनो. सांगताना त्याचं तोंड बघवत नव्हतं.

बाजारात त्यानं मागचं फाळकं उघडलं. पुतळाबाई पाटावरच होती. मान पुढे पडलेली.

फूल केसातच होतं.

म्हणजे ती फुलासाठी थापा मारत नव्हती.

आणि पत्र्यावर तिचे पंजे उमटले होते. मासळीच्या खवल्यांचे, ओले, चकचकीत. एकावर एक... एकावर एक. मोजता येणार नाहीत इतके.

लोक धावले. हमालांनी तिला उचलून नेलं. छातीत कळ आली असणार, डॉक्टर म्हणाले. आणि सगळे तिच्यामागे गेले तेव्हा धनेशनं काय केलं? बाजारातला पाण्याचा पाइप ओढला आणि पत्रा धुऊन काढला. मासळीची गाडी धुताना कुणाला संशय येणार? एकेक पंजा वाहून गेला. मग तो विनयाच्या समोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "झोपेतच गेली गं. तिला काही कळलंसुद्धा नाही."

विनयानं ते धरून ठेवलं. घरी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगायची. माझी आई झोपेत गेली, सुखानं गेली, आपल्या धनेशदादाच्या गाडीत गेली. महिन्याभरानं आईच्या पाट्या तिनं स्वतः उचलल्या आणि त्याच गाडीतून बाजारात जायला लागली. धनेशनं तिला कधी मागे बसू दिलं नाही. थरथर सुरू झाली ती त्यानंतरच.

आता तुम्ही म्हणाल, सांगून का टाकलं नाही? अरे, पहिल्या दिवशी सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी अवघड झालं. आणि वर्षभर ती बाई तुमच्या शेजारी बसून तुमचे उपकार मानते, आपल्या डब्यातली चपाती तुमच्या हातात देते, तेव्हा कुठल्या तोंडानं सांगायचं? तिला गमवायचं नव्हतं त्याला. तिच्या नजरेतला धनेशदादा तेवढा शिल्लक होता. स्वतःच्या नजरेतला कधीच गेला होता.

वर्ष फिरलं. पुन्हा पौष वद्य चतुर्दशी. पहाटेचे तीन. बंदरावर थंडी मी म्हणत होती.

धनेशला वाटलं होतं, आज विनया येणार नाही. वर्षश्राद्धाचा दिवस. पण ती आली. अबोलीचा गजरा घातला होता, हातात आईचा पाट होता.

"आईनं कधी बाजार चुकवला नाय," ती म्हणाली. "दुपारी येऊन पान वाढीन. आनि आज मी मागे बसनार. तिच्या जागेवर. पुलावर थाप मारीन, तेवढी गाडी हळू कर. तिचं फूल राहिलंय."

"मागे नको."

"का?"

"गाडी थरथरते."

"थरथरू दे."

तिनं पाट टाकला आणि पत्र्याला पाठ टेकून बसली. धनेशनं आरशात बघितलं नाही. मागच्या काचेकडेही बघितलं नाही.

हायवे मोकळा होता. उशीर झाला होता. काटा साठ... सत्तर... ऐंशी.

आली.

पाठीत. नेहमीपेक्षा जोरात. मणक्यातून वर, मानेपर्यंत. त्यानं दात आवळले. पुढे वाकला. आज वाकूनही जाईना. तेव्हा त्यानं पाय उचलला. गाडी हळू होऊ दिली. सत्तर. थरथर थांबली नाही, पण सैल झाली. साठ. आणखी सैल. पन्नास... आता ती सलग राहिली नव्हती. तुटत होती. एकेक सुटी होत होती.

आणि त्याला कळलं.

थरथर नव्हतीच ती.

थापा होत्या.

वर्षभर. ऐंशीच्या वेगात एकात एक मिसळलेल्या. थाप... थाप... थाप...

पूल आला. चाळीस. तीस. सगळं गप्प झालं.

मग एक.

थाप.

धनेशनं ब्रेक दाबला. गाडी डाव्या कठड्याला उभी केली आणि धावत मागे गेला. फाळक्याला धरून वर बघितलं. विनया जागी होती. पदर कानांवर ओढलेला. दोन्ही हात मांडीवर, ओंजळीत फूल.

"थांबलास का?" ती म्हणाली. "मी अजून थाप मारली नाय."

धनेश म्हणाला,

"मावशीनं मारली होती."

"काय?"

"त्या रात्री. इथंच. तिनं थाप मारली होती, विनया. खूप मारल्या. मला वाटलं फुलासाठी. मी थांबलो नाही."

एक ट्रेलर शेजारून गेला. पूल पायाखाली हलला, मग स्थिर झाला. खाली पाणी काळंभोर होतं.

"किती वेळ?" विनयानं विचारलं.

धनेशनं खाली पाण्याकडे बघितलं.

"किती वेळ मारत होती, दादा?"

"पूल संपेपर्यंत. पुढेही... काशीमिऱ्यापर्यंत."

त्यानं पाइपचंही सांगितलं. पंजे उमटले होते, ते मी धुतले, म्हणून सांगितलं. आता आत काही ठेवायचं नव्हतं त्याला.

"झोपेत गेली म्हनालास," ती म्हणाली.

"हो."

"मी सगळ्यांना तेच सांगितलं."

ती फाळक्यावरून खाली उतरली. कठड्याशी गेली. फूल सोडलं. ते खाली जाताना दिसलं नाही, पडल्याचा आवाजही आला नाही. ती पाण्याकडे बघत उभी राहिली आणि मान न वळवता म्हणाली, "जा. गाडीत बस."

धनेश जाऊन बसला. दोन्ही हात स्टिअरिंगवर. मागे बघायची हिंमत नव्हती. ती चढेल, पाटावर बसेल, मग निघ म्हणून सांगेल. सांगणार नसेल तर तो तिथंच बसून राहणार होता, सकाळ होईपर्यंत, पोलिस येईपर्यंत. मागून ट्रक हॉर्न वाजवत गेले. थंडीनं काच धुरकटली...

थाप. थाप.

धनेशच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं गिअर टाकला. पूल संपला, काटा साठवर गेला, सत्तरवर गेला. भीत भीत त्यानं ऐंशी केले आणि पाठ सीटला पूर्ण टेकवली.

काही नाही. गाडी नवी कोरी असल्यासारखी धावत होती. माफ केलं पोरीनं, असं तो एकटाच मोठ्यानं म्हणाला. बाजार येईपर्यंत तो लहान मुलासारखा रडत होता.

बाजारात त्यानं फाळकं उघडलं.

पाट्या होत्या. पाट होता.

विनया नव्हती.

पुलावर पडली की काय! त्यानं खिशातून फोन काढला. फोन लावताना नंबर सापडेना. लावला. बराच वेळ वाजला. मग तिनं उचलला.

"विनया! कुठं आहेस तू?"

"घराकडे चाललेय. तू गाडीत बसलास, तशी मी चालत मागं फिरले. दुधाचा टेम्पो मिळाला. तुझ्या गाडीत परत बसनार नाय मी."

"मग... त्या थापा?"

"कसल्या थापा?"

पलीकडे टेम्पोचा आवाज येत होता, आणि त्यात तिचं नाक ओढणं.

"पाट्या नीट उतरव," ती म्हणाली. "बायकांचा माल हाय." आणि फोन ठेवला.

तेव्हापासून विनया दुसऱ्याच्या टेम्पोनं जाते. रस्त्यात धनेश दिसला तर पदर सारखा करून पुढे निघून जाते. तिनं बंदरावर कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं धनेश म्हणतो. शिव्या खाऊन तरी मोकळा झालो असतो, म्हणतो.

गाडी पुन्हा कधी थरथरली नाही. जितू म्हणतो, नवा क्रॉस नीट बसायला वेळ लागला असेल. म्हणू दे. मी धनेशला म्हटलं, अरे वेड्या, म्हातारीनं तुला चल म्हणून सांगितलं. तिनं तरी माफ केलं. तर मला म्हणाला, "नाही काका. मावशीला बाजाराला उशीर झालेला चालायचा नाही. बर्फ वितळत होता, म्हणून चल म्हणाली. एवढंच."



अजूनही तो रोज पुलावर गाडी डावीकडे घेतो. उतरतो, फूल टाकतो, परत येऊन बसतो. दोन थापांची वाट बघतो. येत नाहीत. मग आपला आपणच निघतो.

आणि राहिली त्या पत्र्याची गोष्ट. त्या पहाटे विनया मागे नाही, हे कळल्यावर धनेशनं वर चढून टॉर्च मारली. पाटाच्या वरच्या बाजूला, बसलेल्या माणसाचा हात पोचेल तिथं, पत्र्यावर दोन पंजे होते. खवल्यांचे, ओले. शेजारी शेजारी. बाजारातला पाण्याचा पाइप तिथंच खाली पडला होता. त्यानं तो उचलला नाही.

त्यालाही आता दहा महिने होतील. अख्खा पावसाळा गाडी उघड्यावर होती, त्या भिंतीलगत. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. भिंतीचा चुना धुऊन गेला, नंबरप्लेटचा रंग गेला.

विकी, जाऊन बघून येतोस का? मोबाइल घे हवा तर. मागच्या पत्र्यावर उजेड टाक. अजून चमकतात... बोटं बघ नीट. दोन्हींत करंगळी बाजूला आहे.